व्यास नीट मोजा, बाकीचं बावीस-सप्तमांशावर सोडा

हुबळी आणि धारवाड या जोडशहरांच्या दरम्यान अमरगोळ लागतं. हुबळीची कृषी उत्पन्न बाजार समिती इथेच आहे, रेल्वेचं छोटं स्थानक इथे आहे आणि आजूबाजूला काळ्या जमिनीची शिवारं आहेत. त्यामुळे दिवसभर इथे काही ना काही चाकावर चाललेलं असतं. मालाने भरलेले ट्रॅक्टर, हमालांच्या हातगाड्या, सायकली, धारवाडकडे निघालेली आगगाडी, रब्बीच्या दिवसांत शेताकडे जाणारं पेरणी यंत्र. या सगळ्यांना एकच हिशेब लागू आहे. चाकाची एक फेरी पुरी झाली की गाडी चाकाच्या परिघाएवढी पुढे गेलेली असते, आणि परीघ म्हणजे व्यासाची तिप्पट आणि वर थोडं.

हे सूत्र शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. तरीही कामाच्या वेळी हिशेब चुकतो, कारण काळजी भलत्याच ठिकाणी घेतली जाते. पायची किंमत किती दशांश स्थळांपर्यंत घ्यायची यावर चर्चा होते आणि व्यास मात्र टायरवरच्या किंवा पाइपवरच्या आकड्यावरून उचलला जातो. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की पायसाठी २२/७ बिनधास्त वापरा आणि सगळी सावधगिरी व्यासासाठी राखून ठेवा. तो किती हे मोजाच, पण त्याआधी तो नेमका कुठून कुठवर मोजायचा हे ठरवा.

आधी २२/७ विषयी. खरी किंमत ३.१४१६ च्या आसपास, २२/७ म्हणजे ३.१४२९. दहा किलोमीटर अंतरात या फरकाने होणारी चूक सुमारे चार मीटर. आता याच्याशेजारी व्यासाची चूक ठेवून बघा. आपल्याकडच्या जुन्या उंच सायकलीचं चाक २८ इंची, म्हणजे साधारण ७१ सेंटिमीटर. तो व्यास घाईत एक सेंटिमीटर जास्त मोजला गेला तर दहा किलोमीटरला १४० मीटर चुकतात. पायमधल्या चुकीच्या ही पस्तीस पट. मात्र काही जण नुसतं 'व्यासाची तिप्पट' धरतात, ते करू नका. त्यात शेकड्याला साडेचार कमी पडतात.

भास्कराचार्यांनी हा विवेक साडेआठशे वर्षांपूर्वी सांगून ठेवला आहे. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त त्यांनी परिघासाठी दोन रीती दिल्या आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागलं की सूक्ष्म उत्तर मिळतं. २२ ने गुणून ७ ने भागलं की स्थूल, पण व्यवहाराला पुरेसं. पहिली रीत ३.१४१६ देते, म्हणजे आजच्या कुठल्याही कार्यशाळेला पुरून उरेल इतकी अचूक. ती ठाऊक असूनही त्यांनी रोजच्या कामासाठी दुसरी रीत सांगितली, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांचं गाव विज्जडवीड म्हणजे चाळीसगावजवळचं पाटण की आपल्या शेजारचं विजापूर, हा वाद जुना आहे. पाटणला भाऊ दाजी लाड यांना सापडलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आहे, आणि विजापूरचा पक्ष घेणारेही अभ्यासक आहेत. दोन्हीकडच्या माणसांनी त्यांना आपलं म्हणावं.

आता व्यासाकडे येऊ. त्याचं महत्त्व समजून घ्यायला हुबळीच्या रेल्वे स्थानकासारखी दुसरी जागा नाही. श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा लांब फलाट १५०७ मीटरचा आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचं लोकार्पण झालं आणि जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून गिनीजने त्याची नोंद घेतली. प्रवासी डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर असतो. परीघ झाला २.८७५ मीटर. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला नव्या चाकाला ५२४ फेऱ्या लागतात. चाक झिजतं, कार्यशाळेत लेथवर त्याचा पृष्ठभाग पुन्हा कातला जातो आणि दर खेपेला व्यास थोडा कमी होतो. असं करत ते ८४५ मिलिमीटरवर आलं की त्याच फलाटाला ५६८ फेऱ्या घालाव्या लागतात. फलाट तोच, फेऱ्या ४४ जास्त. इंजिनाचा वेगमापक चाकाच्या फेऱ्या मोजूनच वेग दाखवतो. म्हणून चाक कातल्यावर नवा व्यास त्या यंत्राला कळवावा लागतो; नाहीतर झिजलेल्या चाकाचं इंजिन प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवत राहील.

याहून बारीक गोष्ट एका आसावरच्या दोन चाकांची. रेल्वेची दोन्ही चाकं आसाला घट्ट बसवलेली असतात, ती वेगवेगळी फिरू शकत नाहीत. कातताना त्या दोघांच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक राहू देत नाहीत. अर्धा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण एका फेरीत तो दीड मिलिमीटरचा होतो आणि एका किलोमीटरच्या साधारण ३४८ फेऱ्यांमध्ये अर्ध्या मीटरहून जास्त. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून हुबळीच्या कार्यशाळेत हे काम चाललं आहे. चाक मोजणाऱ्या कारागिराच्या हातात केवढी जबाबदारी असते, ते या एका आकड्यावरून कळतं. व्यासातली चूक प्रत्येक फेरीला पुन्हा होते, आणि फेऱ्या हजारांनी असतात.

घरी किंवा शेतावर व्यास मोजायचा कसा? थाळी, डबा, मॅनहोलचं झाकण अशा सपाट गोल वस्तूचा मध्य शोधत बसू नका. टेपचं टोक एका कडेवर घट्ट धरा आणि दुसरं टोक समोरच्या कडेवरून हळूहळू सरकवा. आकडा वाढत जाईल, मग कमी व्हायला लागेल. मधला सर्वांत मोठा आकडा म्हणजे व्यास. मग काटकोनात फिरून पुन्हा एकदा मोजा. दोन आकड्यांत फरक आला तर वस्तू पूर्ण गोल नाही. तेव्हा सरासरी घ्या. उभ्या चाकासाठी गवंड्याचे किंवा सुताराचे दोन गुण्ये घ्या, सपाट फरशीवर चाकाच्या दोन्ही बाजूंना टेकवून उभे करा आणि दोन गुण्यांमधलं अंतर मोजा. टेप चाकाच्या तुंब्यावरून तिरका नेऊन मोजलेला व्यास हमखास जास्त येतो.

देवळाचा खांब, झाडाचं खोड, पाण्याचा पाइप यांचा व्यास सरळ मोजता येत नाही. तिथे उलट्या दिशेने जा. घेर मोजा, ७ ने गुणा, २२ ने भागा. वनखात्यात झाडाचा घेर छातीच्या उंचीला, जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, कारण बुंध्याशी खोड पसरलेलं असतं. घेर मोजायला सुतळी वापरण्याची सवय आपल्याकडे आहे, पण तीन मिलिमीटर जाडीची सुतळी घेर जवळजवळ एक सेंटिमीटरने वाढवून दाखवते. मोठ्या झाडाला त्याने काही बिघडत नाही. दोन-चार इंची पाइपला मात्र बिघडतं. तिथे वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे दोन्ही पदरांतून टाचणी टोचा आणि पट्टी उलगडून दोन भोकांमधलं अंतर मोजा.

सुतळीची ही जाडी का नडते, हे लोहाराला विचारावं. लाकडी चाकाच्या बैलगाड्या आता थोड्या उरल्या, बहुतेक गाड्यांना टायर आले. पण जिथे लाकडी चाक आहे तिथे त्यावर लोखंडी धाव चढवण्याचं काम पाहण्यासारखं असतं. समजा, चाकाचा व्यास १.२ मीटर आहे. परीघ झाला ३.७७ मीटर. धावेची पट्टी १० मिलिमीटर जाड असेल तर ३.७७ मीटरची पट्टी कापून चालणार नाही, ती आखूड पडेल. पट्टी वाकवली की तिची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि लांबी कायम राहते ती मधल्या थराची. म्हणून व्यास धरायचा तो चाकाचा व्यास अधिक पट्टीची जाडी, म्हणजे १.२१ मीटर. लांबी येते ३.८० मीटर, तीन सेंटिमीटर जास्त. यानंतर लोहार मुद्दाम थोडं कमी करतो. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवून ती गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवतात. लोखंडाचं तापमान पाचशे अंशांनी वाढलं की एवढ्या लांबीची पट्टी सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास वाढते. तेवढ्या वेळात सांडशांनी धरून ती चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळते, पाटे आणि आरे तुंब्यात कचकन बसतात. परिघाच्या हिशेबात एखादा सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला तर एक तर धाव चढत नाही किंवा उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर निखळून पडते. या कारागिरांच्या हिशेबाला मी गणितच म्हणतो.

फाटकाची कडी, टाकीचा पट्टा, डब्याची किनार, काहीही गोल वाकवून करायचं असेल तर हाच नियम पाळा: आतला व्यास अधिक जाडी, आणि त्याला २२/७. रहाटालाही हेच लागू आहे. लाटेचा व्यास १५ सेंटिमीटर आणि दोर २ सेंटिमीटर जाड असेल तर हिशेब १७ सेंटिमीटरचा करायचा. वीस फेऱ्यांत पोहरा पाण्यापर्यंत गेला असेल तर पाणी १०.७ मीटरवर आहे. दोराची जाडी विसरलात तर उत्तर ९.४ मीटर येईल, आणि दोर विकत घेताना ते सव्वा मीटर कमी पडेल. दोर लाटेवर एकाच थरात गुंडाळलेला असेल तेव्हाच हा हिशेब बरोबर येतो. थरावर थर चढले की व्यास बदलत जातो.

बाजार आवारात किंवा छोट्या कारखान्यात जड यंत्र हलवताना खाली पाइप घालून ढकलतात. इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाइपची एक फेरी झाली की पाइप परिघाएवढा पुढे जातो, पण त्याच्यावरचं यंत्र त्याच्या दुप्पट जातं. पाइपचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, मध्य पुढे सरकत असतो आणि माथा मध्याच्या दुप्पट वेगाने. यंत्र माथ्यावर आहे. म्हणून पाइप सारखे मागे पडत जातात, आणि मागून सुटलेला पाइप उचलून पुढे घालायला एक माणूस मोकळा ठेवावा लागतो. पाइपचा व्यास दुकानातल्या नावावरून घेऊ नका. 'दोन इंची' पाइप म्हणतात तो आतल्या पोकळीच्या मापाने. बाहेरून तो साठ मिलिमीटरच्या आसपास भरतो. परीघ १८९ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत यंत्र ३७ ते ३८ सेंटिमीटर सरकेल. सहा मीटर न्यायचं असेल तर पाइपच्या सोळा फेऱ्या होतील आणि तेवढ्यात एखादा पाइप स्वतः फक्त तीन मीटर गेलेला असेल. सगळे पाइप एकाच व्यासाचे घ्या. एक जरी जाड निघाला तरी सगळं वजन त्याच्यावर येतं आणि यंत्र तिरकं जायला लागतं.

वाहनांच्या टायरचा व्यास त्याच्या बाजूवर छापलेल्या मापातून काढता येतो. समजा, १६५/८० आर १४ असं लिहिलं आहे. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेकडा ८०, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा टायर येतं, म्हणून ३५५.६ मध्ये १३२ दोनदा मिळवा. व्यास ६१९.६ मिलिमीटर, परीघ १.९५ मीटरच्या आत-बाहेर, किलोमीटरला ५१४ फेऱ्या. नक्षीची खोली नव्यावर आठ मिलिमीटर असेल आणि टायर खुणेच्या पट्टीपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत झिजला, तर व्यास १३ मिलिमीटरने घटतो. तेव्हा गाडीच्या घड्याळात शंभर किलोमीटर दिसले तरी रस्त्यावर अठ्ठ्याण्णवच झालेले असतात. मायलेज काढताना ही दोन टक्क्यांची वाढ आपल्या बाजूने दिसते. भाड्याच्या गाडीत ती प्रवाशाच्या खिशातून जाते.

पण छापील मापावरून काढलेला हा परीघ हवा भरलेल्या, मोकळ्या टायरचा आहे. गाडीवर वजन आलं की टायर तळाशी दबतं. मग मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून तिच्या दुपटीला व्यास म्हणावं का? तेही चुकतं. टायरचा बाहेरचा पट्टा वजनाने फारसा आखूड होत नाही, तो जमिनीवर सपाट होऊन पसरतो. एका फेरीत प्रत्यक्ष कापलेलं अंतर या दोन हिशेबांच्या मधे कुठेतरी पडतं. म्हणून जिथे अंतर महत्त्वाचं आहे तिथे सूत्र फक्त अंदाजासाठी ठेवा आणि चाक चालवूनच मोजा.

सायकलच्या वेगमापकात चाकाचा परीघ भरायचा असतो तेव्हा हे नक्की करा. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा. सपाट सिमेंटच्या जागेवर सायकल उभी करा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने एकाच रेषेत खूण करा. तुम्ही सायकलवर बसा, कोणाला तरी बाजूने धरायला सांगा आणि हँडल न हलवता सरळ रेषेत पुढे चला. व्हॉल्व्ह पाचव्यांदा खाली आला की थांबा, जमिनीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर भागिले पाच. एका फेरीपेक्षा पाच फेऱ्या यासाठी की खूण करण्यातली चूक पाच फेऱ्यांत वाटली जाते. २८ इंची चाकाचं गणिती उत्तर २२३५ मिलिमीटर येईल. तुमचं उत्तर त्याच्या जवळपास पण वेगळं येईल, आणि यंत्रात तुमचंच भरायचं.

शेवटी पेरणी यंत्र. ज्या कामात चुकीचा भुर्दंड सगळ्यांत जास्त बसतो, ते हेच. ट्रॅक्टरमागच्या यंत्राला एक चाक जमिनीवर चालतं आणि त्याच्या फिरण्यावर पेटीतलं बियाणं नळ्यांत पडतं. म्हणजे एकरी किती बियाणं जाईल हे चाकाच्या एका फेरीत यंत्र किती पुढे जातं यावर ठरतं. समजा, गहू पेरायचा आहे. नऊ फण, दोन फणांत साडेबावीस सेंटिमीटर; यंत्राची पेरणीची रुंदी झाली २.०२५ मीटर. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर परीघ १.२५७ मीटर. रुंदी गुणिले परीघ, एका फेरीत अडीच चौरस मीटरहून थोडी जास्त जमीन पेरली जाते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, त्याला चाळीस फेऱ्या लागतात. एकराचे गुंठेही चाळीस. हिशेब इतका सोपा होतो की शेतातच करता येतो.

यंत्र विटांवर उचलून चाक मोकळं करा. पेटीत बियाणं भरा, प्रत्येक नळीच्या तोंडाला पिशवी बांधा. चाकावर खडूची खूण करून हाताने चाळीस फेऱ्या फिरवा, शेतात ट्रॅक्टर चालतो साधारण त्याच गतीने. सगळ्या पिशव्यांतलं बियाणं तोला आणि चाळीसने गुणा. एकरी ४० किलो टाकायचं असेल तर पिशव्यांत मिळून १ किलो निघालं पाहिजे. कमी-जास्त असेल तर पेटीचा खटका सरकवून पुन्हा फिरवा. पिशव्या वेगवेगळ्याही तोला. एका नळीतून कमी पडत असेल तर ती तुंबली आहे, आणि शेतात तेवढी ओळ विरळ उगवेल.

हे झालं हवेत फिरणाऱ्या चाकाचं. जमिनीवर चाक थोडं घसरतं, मऊ मातीत रुततं, त्याच्या दात्यांमुळे व्यास कुठून धरायचा हेही नक्की नसतं. म्हणून मशागत केलेल्या त्याच शेतात, बियाणं न भरता, यंत्र वीस फेऱ्या चालवा आणि अंतर मोजा. गणिताने २५.१ मीटर यायला हवं. साडेसव्वीस आलं तर एका फेरीला १.३२५ मीटर होतात, आणि गुंठ्याला चाळीसऐवजी ३८ फेऱ्या पुरतात. मग पिशव्यांची चाचणी अडतीस फेऱ्यांवर घ्या आणि चाळीसनेच गुणा. एक किलो आता अडतीस फेऱ्यांत पडायला हवं.

आपल्या काळ्या जमिनीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. वाफसा पुरता आलेला नसताना पेरणी केली तर माती चाकाला लपेटते. चाकाभोवती एक सेंटिमीटरचा थर बसला की ४० सेंटिमीटरचा व्यास ४२ होतो, परीघ पाच टक्क्यांनी वाढतो, फेऱ्या कमी होतात आणि एकराला ४० किलोऐवजी ३८ किलो बियाणं पडतं. पेटी उरलेली दिसते आणि वाटतं की यंत्र काटकसरीने चाललं आहे. त्यासाठी चाकाजवळ माती खरवडणारी पट्टी बसवून घ्या; ती नसेल तर दर दोन-तीन तासांनी यंत्र थांबवून चाक खुरप्याने खरवडा, आणि बांधाला वळताना एकदा मागे वळून चाकावरच्या थराची जाडी बघा.